दशांशानंतरचं एकच घर

‘चारापर्यंतची पाहुणी, उभी राहू दे दारात,
पाचापासून पुढची, घ्यावी आतल्या घरात.’

विमलबाईंचा हा आवाज पारीच्या कानात लहानपणापासून होता. अंगणवाडीच्या दाराशी बसून बाई बाळांच्या वजनाची वही भरायच्या आणि भरता भरता गुणगुणायच्या. वहीत दशांश चिन्हानंतर एकच घर. त्याच्या पुढचा आकडा चार किंवा कमी असला तर सोडून द्यायचा. पाच किंवा जास्त असला तर त्या घरात एक वाढवायचा. छोट्या पारीला ते आकडे वाटायचेच नाहीत. बायका वाटायच्या. कुणी दारातूनच परतते, कुणी पदर सावरत आत येते.

आज ती वही पारीच्या हातात होती. काट्यावर चिमाची तीन दिवसांची लेक निजली होती. काचेत हिरवे आकडे उभे होते: एक पॉइंट नऊ सहा.

बाहेर कुंडलिका नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. कापणी झालेली खाचरं, त्यांत फुलावर आलेला वाल, वाडीची कुडाची घरं, सगळं दुधात बुडवून ठेवल्यासारखं. पोरीचा श्वाससुद्धा त्या धुक्यातूनच येत-जात असावा, इतका हलका.

दोन किलोच्या आतलं मूल मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम. चिमाला जायचं नव्हतं.

“तिकडं काचेच्या पेटीत ठेवतात गो ताय. आईला हात लावू देत नाय,” ती म्हणाली. “दोन लिव ना. तू बी तशीच जगलीस.”

तिचा नवरा चंदर दारातून हसला. “पुढं सहा हाय ना? मग घे की आत! तुमच्या बाईंचंच गाणं हाय.”

वाडीत ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. चोवीस वर्षांपूर्वी पारीचं वजनही एवढंच भरलं होतं. विमलबाईंनी पुढचा सहा आत घेतला. नऊ भरून गेला, त्याचं शून्य झालं, एकाचे दोन झाले, आणि पारी आईच्या कुशीतच राहिली. जगली, शिकली, पेणला नर्सिंग करून आपल्याच वाडीत नर्सताई म्हणून परत आली. बारशाला, हळदीला बायका ती गोष्ट सांगायच्या, आणि ऐकता ऐकता पारीला वाटायचं, आपल्याला कुणी तरी आकड्यांतून अलगद उचलून घरात आणलंय. आपणही एकदा कुणाला असंच उचलून आत घ्यावं, हे तिचं जुनं स्वप्न. ते आज काट्यावर निजलं होतं.

आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. नियमात बसत होतं. पारीने दोन लिहिले. दशांश चिन्ह दिलं. शून्य तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात वहीवर एक सुरकुतलेला हात आला. विमलबाई निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण सवयीने यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या.

“नको. काचेत दिसतं तेवढं सगळं लिव. आणि गाडी बोलाव.”

“बाई, वहीत घर एकच आहे.”

“मग घराच्या भायेर लिव.”

“वा बाई!” चंदर म्हणाला. “तुमच्या टायमाला दोन, आणि आमच्या पोरीला एक? म्हातारपणी हात आखडला काय?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. पोरीची बोटं मिटली नाहीत. पारीने ते पाहिलं.

“पण मी जगलेच ना, बाई?” तिने हळूच विचारलं.

“तू जगलीस त्यात माझं काय होतं, पारे? तू दूध ओढायला लागलीस, आणि मला वाटलं, माझ्याच हातात काय तरी हाय.” बाईंचा आवाज खाली गेला. “आठ दिवसांनी बायजाची लेक काट्यावर आली. पलीकडच्या आळीतली बायजा. एक पॉइंट नऊ पाच. पाच, म्हणजे आतच घ्यायची. मी गाणं म्हणत म्हणत दोन लिवलं.”

चिमाने काट्यावरून लेक उचलली, छातीशी धरली. “मग?”

“सातव्या दिवशी गेली. रोह्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला गाडीला वीस मिनिटं लागली असती.”

चंदर दारातून आत आला. त्याने चिमाची पिशवी भरायला घेतली. पारीने वहीतल्या दोनावर आडवी रेघ मारली, समासात तिन्ही आकडे लिहिले आणि फोन कानाला लावला. चिमा लेकीला दुसऱ्या फडक्यात गुंडाळत होती, पहिल्यावरून, घट्ट.

गाडी निघाली, असं तिकडून कळलं. पारीने फोन खाली ठेवला.

“बायजाला ठाऊक आहे हे?”

विमलबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग धुक्याकडे बघत बोलल्या,

“खरा आकडा मी तिला कधी सांगितलाच नाय गो. अजून पाण्यावर भेटली की तीच मला सांगते, बाई, नशिबानं नेली, नाय तर माझी लेक कमी नव्हती, चांगली पुरी दोन किलोची होती.”