घरघर

मंडळी जिना चढू लागली, तेव्हा आमोद रेकॉर्ड प्लेअरमागे ओणवा होऊन शेवटची वायर खोचत होता. फिल्टरची डबी त्यानं घाईघाईनं पुस्तकांआड सरकवली. त्याचे वडील अण्णा आंघोळीहून येण्याच्या आत हे उरकायचं होतं. स्वतःच्याच घरात चोरी करायची वेळ आली होती.

दर रविवारी सकाळी त्यांच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटवर रेकॉर्ड ऐकायची बैठक भरे. बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांना जगायला तेवढंच निमित्त उरलं होतं. सुई टेकायच्या आत ते डोळे मिटत, ते बाजू संपल्यावरच उघडत. गाणारी पंचमावर पोचली की त्यांचा ‘वा!’ अगदी जागच्या जागी पडे. कान असावा तर गोपाळरावांसारखा, असं आख्खी पेठ म्हणायची.

घोळ झाला तो आमोदच्या हौसेपायी. हिंजवडीतली नोकरी लागली आणि त्यानं भलेमोठे स्पीकर घेतले. मग जुन्या प्लेअरच्या मोटरीची घरघर, जी आजवर कोणाच्या गावीही नव्हती, ती खोलीभर घुमू लागली. गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरचे पडदे धापा टाकायला लागत. अण्णा मात्र स्पीकरवर भलतेच खूश. तेव्हापासून ते एक हात त्यावर टेकवूनच बसत.

गेल्या रविवारी वासंतीबाईंनी तोंडावरच विचारलं, “गोपाळराव, हे गाणं आहे की पिठाची गिरणी?” त्या जन्मभर गाणं शिकवलेल्या बाई.

“ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते ऐकावं,” अण्णा म्हणाले.

जाताना जिन्यात वासंतीबाईंनी आमोदला सांगितलं, “हे असंच राहिलं तर मी काही यायची नाही हो.” त्या गेल्या की बाकीचेही गळणार, हे उघड होतं.

त्याच संध्याकाळी आमोदनं विषय काढला. “अण्णा, फिल्टर लावला तर फक्त खालची घरघर जाते. गाण्याला धक्का लागत नाही.”

“पुटपुटू नकोस. समोर येऊन बोल.”

तो समोर जाऊन पुन्हा बोलला. अण्णांनी त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. “त्या प्लेअरला बोट लावलंस, तर बैठक त्या दिवसापासून बंद.”

अण्णा शब्दाचे पक्के. क्रेडिट कार्डवाल्यांना वैतागून त्यांनी फोन उचलणं सोडलं होतं, ते कायमचंच. फिल्टर न लावावा तर बैठक मोडणार, लावावा तर अण्णा मोडणार. आमोदची आशा एकच होती. नितळ गाणं ऐकून त्यांचा राग विरघळेल. पण त्यांच्या कानातून हे सुटणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

मंडळी बसली. अण्णांनी डोळे मिटले, हात स्पीकरवर ठेवला. आमोदनं सुई टेकवली.

घरघर नव्हती. तंबोरे उमटले आणि त्यांतून आलापाचा पहिला स्वर असा स्वच्छ वर आला, की वासंतीबाई सावरून बसल्या. आमोद अण्णांकडे बघत होता. त्यांची बोटं स्पीकरवर चाचपडत होती. कपाळाला आठी पडली. कळलं यांना, आमोदला वाटलं. आता भर बैठकीत पूजा बांधणार.

गाणारी पंचमावर पोचली. अण्णांचा ‘वा!’ पडला नाही.

मग गाणं चालू असतानाच त्यांनी डोळे उघडले. “आमोद, मंडळी खोळंबलीत. टेकव की सुई.”

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. चहाचा ट्रे घेऊन आई दारात उभी होती. ती कोणाकडेच बघत नव्हती, फक्त आमोदकडे. तिला हे केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. आमोदला रडू फुटेलसं झालं.

त्यानं सुई उचलली. “बरोबर आहे अण्णांचं,” तो मंडळींना म्हणाला. “सुई नीट टेकली नव्हती.” पुस्तकांआड हात घालून त्यानं डबीच्या वायरी उपसल्या, जुनी वायर पुन्हा खोचली आणि सुई पहिल्यापासून लावली.

धप्प झालं. घरघर सुरू झाली, स्पीकरचे पडदे धापा टाकू लागले. अण्णांचा चेहरा निवळला. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचं बोट स्पीकरवर हळूहळू काही मोजू लागलं. आलाप चढत गेला, पंचम लागला, आणि त्याच क्षणी अण्णा म्हणाले, “वा!”

वासंतीबाई आमोदकडे झुकल्या. “सुईतला दोष मला मेलीला कळलासुद्धा नाही. असू दे ती गिरणी, मी येणार. कान असावा तर असा!”