साभार

सांगलीच्या महाविद्यालयात नवा नियम लागू झाला होता : लेखकाच्या लेखी अनुमतीवाचून कोणत्याही पुस्तकाची पाने विद्यार्थ्यांना पाठवायची नाहीत. परीक्षा तोंडावर आलेली आणि आटपाडीहून येणाऱ्या मुलांजवळ संस्कृत व्याकरणाचे पुस्तक नाही. अखेर वयोवृद्ध सुमंतसरांनी पुस्तकाच्या लेखकाला, आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला, मोठ्या संकोचाने फोन लावला.

"राजवर्धन, विभक्तीचे प्रकरण मुलांना पाठवू का? तू नाही म्हणालास, तर त्यांचे वर्ष वाया जाईल."

पलीकडून राजवर्धन मोकळेपणाने हसला.

"आवं सर, तुमी मागायचं आन मी न्हाई म्हणायचं व्हय? लेखी आत्ताच धाडतो. तेवढं खाली 'साभार' म्हणून माझं नाव घाला, म्हंजे झालं."

"घालतो, बाळा."

सरांनी विभक्तीच्या पानाच्या तळाशी राजवर्धनचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले.



वरच्या प्रत्येक उदाहरणात, सरांनी एके काळी राजवर्धनच्या वर्गात रचून सांगितले होते अगदी तसेच, त्यांची दिवंगत पत्नी चारुलता कृष्णेवर पाणी भरत होती.