तळाशी लिहिलेलं

"अगं वेडे, नंबर झाकणावर नाही, डिशच्या तळाशी लिहायचा. झाकणांचं काय, इकडची तिकडे होतात!" प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी तिथल्या वरिष्ठ संशोधक ताईंनी हसत शिकवलं होतं.

जिवाणूंमध्ये ट्रान्सपोझॉन, म्हणजे उड्या मारणारी जनुकं, सोडायची हे माझं काम. त्यांच्या पाठीवर निळा रंग करणारं जनुक बसवलेलं. उडी ज्या जनुकात पडेल ते जागं झालं, की जिवाणूंचा ठिपका निळा. गेल्या वर्षी माझी निळी डिश ताईंनी स्वतःच्या नावाचं झाकण घालून वार्षिक संशोधन सभेत मिरवली. तळ कोणी पाहिलाच नाही. मी मनातल्या मनात जळत राहिले.

यंदा फक्त औषधाच्या थेंबाने जागं होणारं जनुक मला सापडलं. झाकणावर ठळक लिहिलं, "सतरा नंबर. सापडलं!" आणि ते झाकण घातलेली डिश फ्रिजमध्ये अगदी पुढे ठेवली.

सभेच्या सकाळी ती जागेवर नव्हती. दुपारी ताईंच्या हातात होती, नव्या झाकणासकट.

"औषध मिळालं तरच जागं होणारं हे जनुक मी शोधलंय," त्या परीक्षकांना म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत उभी राहिले.



"ताई, तुमच्या आधी झाकण मीच बदललं होतं. डिश उलटी करून तळाशी वाचा ना: 'औषध न देताही कायम निळी. फक्त तुलनेसाठी.'"