पार्टी बसचा मुराळी

हॉर्न पुन्हा वाजला. लीलाबाई सोप्यावरून काही उठली नाही.

ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ती सकाळपासून वाट बघत होती. आणि आता बस दारात आली, तर बाई हलायला तयार नाही. बस तरी कसली, नुसती जत्रा. भर दुपारी निळ्या-जांभळ्या लाइटी चालू, आत स्पीकर दणाणतोय, आणि आटपाडीपासून कुपवाडपर्यंत दिलेल्या गावच्या लेकी मधल्या मोकळ्या जागेत फेर धरून नाचतायत. नागपंचमीला सगळ्या माहेरवाशिणींना एकदमच गावात आणायचं, म्हणून लीलाबाईच्या माहेरच्या पोरांनी ही पार्टी बस कराडहून ठरवली होती. बाकीच्या लेकी हॉर्न ऐकला की पदर खोचून पळत आल्या होत्या.

"आई, जा की. सगळ्या खोळंबल्यात," सून अंकिता म्हणाली.

"भोंगा वाजवला की लेक पळत सुटती व्हय? मुराळी घरात यावा लागतो."

मुराळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस, हे अंकिताला समजावून सांगावं लागलं. तिचं माहेर सांगलीत. स्कूटीवर टांग टाकली की ही माहेरी. तिला काय कळणार त्यातली गोडी?

लीलाबाईचा मुराळी म्हणजे तिचा थोरला भाऊ हंबीरराव. त्याचा रुबाब काय सांगावा. पंचमी जवळ आली की त्याची सायकल दारात टेकायची. हँडलला कानवल्यांची शिदोरी, डोकीला पटका. गूळपाणी घ्यायचा, पीकपाण्याचं बोलायचा, आणि मग पटका सारखा करून हळूच म्हणायचा, "लीलीला न्यायला आलोय." आधी सासऱ्याला विचारायचा, मग सासूला, मग लीलाबाईच्या मालकांना. लीलाबाई आत चुलीपुढं. भाकरी परातीत तशीच पडलेली आणि सगळा जीव कानात गोळा झालेला. "न्या" असा आवाज आला की तिला आभाळ ठेंगणं व्हायचं. "औंदा न्हाई जमायचं, भांगलण हाय," असं कानावर आलं की भाऊ चहा पिऊन, शिदोरी ठेवून निघून जायचा. त्या पंचमीला मग ती इथल्या झोक्याकडं ढुंकूनसुद्धा बघायची नाही.

तरी ते दिवस गोडच होते. आपल्यासाठी कुणीतरी ऊन खात येतं, चार माणसांपुढं मान वाकवून आपल्याला मागून घेतं, यात केवढा मान होता. हंबीरराव गेला आणि सायकल यायची थांबली. त्याच्या बाराव्याला गेली, तीच लीलाबाईची शेवटची खेप. पुढं सासू-सासरे गेले, मालकही गेले. माहेर कृष्णेपलीकडं, एसटीनं तासाभरावर. पण न्यायलाच कुणी आलं नाही, तर जायचं कसं? आगंतुकासारखं?

बसच्या खिडकीतून साळूबाईनं हाळी दिली. दोघी एका आळीतल्या, एकाच झोक्यावर वाढलेल्या. "लीले, ये की गं. पुढच्या साली आपन कोन हाय आन कोन न्हाई."

लीलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला जायचं होतं. लय जायचं होतं. पण अंगात मुरलेली रीत काही तिला उठू देईना. तिकडं ड्रायव्हरनं कंटाळून गाडी गिअरमध्ये टाकली.

तेवढ्यात जयराज बसमधून खाली उतरला. हा हंबीररावाचा नातू, बस ठरवणाऱ्यांतला म्होरक्या. गॉगल डोक्यावर, गळ्यात आयोजकाचा बिल्ला. तरातरा अंगण ओलांडून आला, चपला काढल्या आणि सोप्यावर टेकला. अंकितानं गूळपाणी पुढं केलं. पाणी त्यानं एका दमात संपवलं, गुळाला काही हात लावला नाही. पण नाक आजोबाचं, मांडी घालायची ढबही आजोबाची. लीलाबाईनं पदर सारखा केला. आता हा विचारणार.

"आज्जी, तुला यायचंय का?" जयराज म्हणाला.

लीलाबाईचा पारा चढला. इतकी वाट बघून मुराळी आला, तो असा अडाणी.

"आरं, मला काय इचारतोस? रीतभात शिकवली न्हाई का कुनी तुला? लेकीला कुनी इचारत असतंय व्हय?"

जयराज पार गोंधळला. त्यानं अंकिताकडं बघितलं, घरात डोकावून बघितलं. "मग कुणाला विचारू?"

लीलाबाई सांगायला गेली. चुलीपुढं बसून ऐकलेल्या सगळ्या पंचम्या तिला एकदम ऐकू आल्या. सासऱ्याचा खाकरा, सासूचा नकार, मालकांचं गुळमुळीत "बघू की." एकेक आवाज पाठ होता तिला. त्यात स्वतःचा आवाज ती शोधत राहिली. तो कुठंच नव्हता.

बाहेर बस थांबलेली होती. लीलाबाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पोराच्या तोंडाकडं बघितलं.

"बाळा," ती म्हणाली, "मगाशी काय इचारलंस, ते आजून एकदा इचार."