ड्रायव्हरचं बोट

मित्सुएआजी आपल्याच गावाच्या सहलीला निघाली होती. तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत, सून विसरून गेलेली टोपी भुवयांपर्यंत. पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या विजेच्या गाडीतल्या शेवटच्या बाकावर ती अंग चोरून बसली होती. निघताना तिनं घराची पुढची सगळी लाकडी दारं आतून ओढून घेतली होती, स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडून कुलूप लावलं होतं आणि बांधाबांधानं चालत, खाली गाडी सुटते तिथवर आली होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या घरातून चोरासारखं निघायची ही वेळ तिच्यावर ड्रायव्हरनं आणली होती.

वसंतापासून ही गाडी रोज साडेदहाला तिच्या घरावरून जायची. धूर नाही, आवाज नाही, वेग सायकलवरच्या पोरानं मागे टाकावा इतकाच. आवाज न करता येणाऱ्या कशावरही आजीचा विश्वास नव्हता. मांजरावर नाही, आणि गावकचेरीतल्या कारकुनांवर तर नाहीच.

उन्हाळ्यात शेजारची ओकुदाबाई गेली. महिन्याच्या आत शहरातली माणसं फीत घेऊन तिचं अंगण मोजायला आली, कारण कचेरीनं तिचं घर विकाऊ रिकाम्या घरांच्या यादीत घातलं होतं. आणि त्याच सुमाराला ही गाडी आजीच्या फाटकाशी थांबायला लागली. ड्रायव्हर घराकडे बोट करून काहीतरी पुटपुटायचा आणि सगळे पाहुणे माना वळवून बघायचे. आतल्या कागदी दाराच्या फटीतून तिला ओठ दिसायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत.

मी अजून जिती आहे आणि हा गिऱ्हाइकं आणून घर दाखवतोय! आज ती स्वतःच्या कानांनी ऐकणार होती.

ड्रायव्हरचं नाव नागाकुबो. खिंडीपलीकडचा, सत्तरी ओलांडलेला. पूल आला की तो बोट रोखून म्हणायचा, "पूल, ठीक!" वळण आलं की, "डावीकडे, ठीक!" पाहुण्यांना मोठी मौज वाटत होती.

"अडतीस वर्षं आगगाडी चालवली," तो म्हणाला. "ती लाइन बंद पडली, पण खोड गेली नाही. बोट दाखवायचं आणि तोंडानं म्हणायचं. नाहीतर डोळ्यांना दिसतं, पण माणूस बघत नाही."

गोडबोल्या आहे, आजी मनात म्हणाली. असेच गोड बोलून गळा कापतात.

पुढच्या बाकावर वहीत काहीबाही लिहिणारा एक चष्मेवाला बसला होता. त्यानं विचारलं, "या गावात बरीच घरं रिकामी असतील ना हो?"

"आहेत काही," नागाकुबो म्हणाला.

आजीनं मास्कआड दात आवळले.

पर्सिमनच्या झाडाशी गाडी वळली आणि तिच्या फाटकापाशी थांबली. नागाकुबोनं बोट उचललं. आजीनं टोपी कानावरून वर सरकवली.

"दारं..." तो म्हणाला.

पुढचा शब्द आलाच नाही. बोट हवेतच राहिलं. मग तो उतरला आणि धावत सुटला.

"आजी! आजी, आत आहात का?" त्यानं दारं बडवली. हाक मारून पुन्हा बडवली. मग घराच्या बाजूला धावला. तिथं वळचणीखाली मुळ्याच्या लोणच्याचं पिंप होतं, त्यावर दाबाचा दगड. तो दगड तो दोन्ही हातांनी उचलायला लागला. दगड तसूभरही हलेना.

आजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दगडाखाली किल्ली असते हे नागोयातल्या तिच्या मुलाला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे पोरगाही यांना सामील!

ती गाडीतून उतरली आणि मास्क ओढून ओरडली, "हात काढा आधी त्या दगडावरून!"

नागाकुबो वळला. तिच्याकडे बघितलं, बंद दारांकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

"किल्लीचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या मुलानं. मीच फोन करून विचारलं."

"घर दाखवायला?"

त्याला धाप लागली होती. "ओकुदाबाई आत पडल्या होत्या, तेव्हा दोन दिवस मी त्यांच्या बंद दारांवरून गाडी नेली, आजी. दारं बंद आहेत हे दिसत होतं मला. बोट तेवढं केलं नाही."

चष्मेवाल्यानं वही मिटली.

आजीला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. "उचलायचा नसतो तो, कलंडवायचा असतो," ती पुटपुटली. एका हातानं दगड कलंडवून तिनं किल्ली काढली आणि मागच्या दारानं आत गेली. आतून दारं सरकायला लागली. एक, दोन, करत सगळी उघडली, तेव्हा ती ओसरीवर उभी होती.

"हं. आता म्हणा काय ते."

नागाकुबो उठला. बोट उचललं.

"दारं, ठीक."

पाहुण्यांनी माना वळवून बघितलं. आजी पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आली, त्याची मूठ उघडली आणि तीत किल्ली ठेवली.

"दुसरी आहे माझ्याकडे. ती कुठं असते ते माझ्या पोरालासुद्धा सांगायची नाही मी. ही तुमच्याजवळ राहू द्या. नाहीतर माझी दारं उघडणार नाहीत त्या दिवशी दगडाशीच झटत बसाल."