देण्यास हरकत नाही

बाबा बूट घालत होते. एरवी ते चपला अडकवून निघायचे. नाडीचे बूट फक्त छाप्याच्या दिवशी. मुलीने ते पाहिलं आणि नजर पुन्हा कपात घातली.

"बाईसाहेब, आमचं पत्र तुमच्या टेबलावर किती दिवस लोळायचं?" नाडी ओढत त्यांनी विचारलं. "तीन आठवडे झाले. आता त्याला पाय फुटतील."

"घरात ऑफिस आणायचं नाही, असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो. म्हातारपणी माणूस बिघडतो."

ते शहर पोलिसांत फौजदार. ती सीमाशुल्क खात्यात, इतर खात्यांना माहिती देण्याघेण्याच्या टेबलावर. पत्र बाबांच्याच सहीचं होतं. चोरून पिस्तुलं विकणारा एक माणूस, ज्याला सगळे घड्याळजी म्हणत, त्याच्याबद्दल आपल्याकडे काही असल्यास कळवावे. होतं. सीमेपलीकडच्या पोलिसांनी तिच्या खात्याला धाडलेल्या टिपणात एक ओळ होती: घड्याळजी दुपारी झोपतो, पण खाटेवर नाही. खाटेवर उशा ठेवून वर पांघरूण घालतो आणि स्वतः माळ्यावर असतो, भरलेलं पिस्तूल हाताशी घेऊन.

टिपणाच्या माथ्यावर शिक्का होता. ज्यांनी माहिती दिली त्यांच्या परवानगीवाचून ती पुढे देऊ नये. तिने परवानगी मागितली होती, दोनदा स्मरणपत्रही पाठवलं होतं. उत्तर नव्हतं.

नियम काही मूर्खपणाचा नव्हता. ती नोकरीला लागली त्या आठवड्यात, भांडी विसळता विसळता, बाबांनीच तिला तो समजावला होता. "दुसऱ्याने दिलेली खबर आपली नसते, बाळा. तिच्यामागे कुणीतरी असतं. त्या घरात झाडू मारणारं, नाहीतर तिथे जेवणारं. खबर दोन हात जास्त फिरली की ते माणूस गेलं." माळ्याची गोष्ट ठाऊक असणारी माणसं जगात किती असतील? दोन? तीन?

"आज कुठे?" तिने विचारलं. एवढंही विचारायचं नसतं.

"फिरायला."

"बाबा."

"अगं, साधं काम आहे. दुपारी झोपलेल्या माणसाला उठवायचं. तुला शाळेसाठी उठवण्याहून सोपं."

ती ओळ तिच्या ओठांपर्यंत आली. तिने चहाच्या घोटाबरोबर ती परत आत ढकलली.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

"मी सांभाळतो. तू त्या पत्राचं बघ."

ऑफिसात पोचताच तिने तिसरं स्मरणपत्र पाठवलं, 'तातडीचे' शब्दाखाली दोन रेघा मारून. मग साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. छापा आजच आहे, म्हणाली.

"त्यांच्या पत्रात तारीख आहे का?" साहेबांनी विचारलं.

तारीख नव्हती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सीमेपलीकडे दोन फोन लावून पाहिले. दुसरा कुणी उचललाच नाही. साडेतीनला तिच्या टेबलावरचा फोन वाजला, तो मात्र पलीकडून नव्हता, बाबांच्या ठाण्यातून होता.

त्यानंतर ती रोज मनाने त्या सकाळी परत जाऊ लागली. कप तोच, नाडी तीच, फक्त ती ओळ ती बोलून टाकते. कधी बाबा हसतात. कधी बुटाची नाडी सोडतात. कधी संतापतात: हेच शिकवलं का मी तुला? कुणाच्या जिवावर उठलीस, कळतंय का? तिला सगळ्यांत जास्त ते संतापलेले हवे असत. ते बराच वेळ ओरडत राहत, आणि ओरडता ओरडता त्यांची निघायची वेळ टळून जाई.

नवव्या दिवशी उत्तर आलं. देण्यास हरकत नाही. खाली विलंबाबद्दल दिलगिरी होती.

"फाइल बंद करून टाक, पोरी," साहेब म्हणाले. "कुणी विचारणार नाही."

पण तातडीची माहिती आधी फोनवर वाचून दाखवायची आणि कागद मागाहून पाठवायचा, अशी पद्धत होती. तिने बाबांच्या पत्रावरचा नंबर फिरवला.

"साहेबांचं टेबल," फोनवर आवाज आला. बाबांच्या खोलीत वीस वर्षं बसणारे हवालदारकाका. दोन श्वासांत त्यांनी ओळखलं. "ताई, तू?"

"काका, तुमच्या पत्राचं उत्तर आलंय. लिहून घ्या."

"आता काय करायचंय गं? तो सापडलाय. आत आहे."

"तुम्ही मागितलं होतं. लिहून घ्या."

कागद ओढल्याचा आवाज आला. तिने जावक क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, रोजच्या ऑफिसच्या आवाजात. "सदर इसम दुपारी खाटेवर झोपत नाही."

"झोपत नाही," काका लिहिता लिहिता पुटपुटले.

"माळ्यावर असतो. सशस्त्र."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या दुपारी दारातून आत शिरणाऱ्यांत बाबांच्या मागोमाग काकाच होते.

"आम्ही सगळे खाटेकडे बघत होतो, ताई," ते म्हणाले.

तिने कागद उलटा ठेवला. आता परवानगी होती, आणि कागदावर जेवढं होतं तेवढं वाचून झालं होतं. रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला.

"बाबा," ती म्हणाली, "खाटेवर कुणी नाही. वर बघा."