बाबांचा हात

भूतबंगल्याच्या दारात पोरीने दोन्ही पाय घट्ट रोवले होते. "बाबा, मला नाही जायचं. मी आईजवळ थांबते ना!"

"वाघाच्या पोटी शेळी जन्मली म्हणतील लोक! अगं, भूतबीत काही नसतं. पगारी माणसं असतात सगळी, तोंडाला रंग फासलेली. माझा हात सोडायचा नाही, कळलं?"

"अहो, राहू द्या ना तिला," असं आई म्हणेपर्यंत बाबांनी पोरीला ओढत आत नेलंसुद्धा.

पहिल्याच वळणावर वरून सांगाडा कोसळला. बाबा असे दचकले की हातातला हात सुटला. पण लगेच अंधारात चाचपडून त्यांनी तो पुन्हा पकडला, आधीपेक्षा घट्ट. "डोळे मीट, बाबा आहे ना!" असं म्हणत आणि स्वतःचेही डोळे गच्च मिटून ते भिंतीला खांदे घासत, धडपडत चालत राहिले. त्यानंतर पोरीने हूं की चूं केलं नाही. बाबांचा ऊर अभिमानाने भरून आला.

बाहेरचा उजेड लागला तसे त्यांनी डोळे उघडले. समोरच्या बाकावर आई बसली होती आणि तिच्या शेजारी पोरगी मजेत पाय हलवत आईस्क्रीम चाटत होती.



"काका, घाबरू नका, आलो आपण बाहेर," हडळ त्यांचा हात थोपटत म्हणाली. "आता सोडा ना हात, माझी ड्युटी आत आहे."